ओरछा झाशीहून दोन तासांत उरकू नका, गाव म्हणून बघा

नदीकाठ
नमस्कार मंडळी. बुंदेलखंडच्या ट्रिपबद्दल इथे अधूनमधून विचारणा होते आणि दर वेळी प्लॅन तोच असतो, सकाळी झाशीला उतरायचं, किल्ला बघायचा, टॅक्सी करायची, वाटेत दोन तास ओरछा आणि रात्री मुक्कामाला खजुराहो. ते "दोन तास ओरछा" वाचलं की जीव हळहळतो, म्हणून हा वेगळा धागा काढतोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, झाशीपासून जेमतेम १६-१७ किमी, पण राज्य बदलतं, हे मध्य प्रदेशात निवाडी जिल्ह्यात येतं. बेतवा नदीचा काठ. १५३१ मध्ये रुद्रप्रताप बुंदेल्याने गढकुंडारहून राजधानी इथे आणायची ठरवली आणि त्याच वर्षी तो गेला, पुढे भारतीचंद आणि मधुकरशाह या मुलांनी तट, महाल, देवळं उभी केली आणि नातू वीरसिंहदेव (१६०५ ते १६२७) याने तर बांधकामांचा धडाकाच लावला. मग १७८३ मध्ये राजधानी टीकमगढला हलली. ही तारीख लक्षात ठेवा कारण सगळं तिथेच आहे. दरबार उठला, पैसा उठला, त्यामुळे जुनं पाडून नवीन बांधायला कोणी उरलंच नाही. महाल जसेच्या तसे राहिले. पण गाव ओस पडलं नाही, कारण रामराजा तिथेच राहिला.

रामराजाची गोष्ट माहीत असल्याशिवाय ओरछा कळत नाही. मधुकरशाहची राणी गणेशकुंवरी अयोध्येहून रामाची मूर्ती घेऊन आली, रामाने तिला अटी घातल्या होत्या अशी कथा आहे, पुष्य नक्षत्रातच चालायचं, एकदा जिथे बसवाल तिथून उठणार नाही, आणि जिथे राहीन तिथला राजा मीच. इकडे त्याच्यासाठी चतुर्भुज मंदिराचं एवढं अवाढव्य काम चाललेलं, ते पुरं व्हायचं होतं म्हणून मूर्ती तात्पुरती राणीच्या महालात ठेवली आणि ती तिथून हललीच नाही. म्हणून आज ओरछात राम राहतो महालात आणि समोरचं मंदिर त्याच्याविना. आजही आरतीला पोलिसांची सशस्त्र सलामी होते, राजाला देतात तशी, आणि गावात दुसऱ्या कोणाला ती मिळत नाही, मंत्री आले तरी नाही. प्रसादात विडा मिळतो. लोक "दर्शनाला जातो" म्हणत नाहीत, "सरकारांकडे जातोय" म्हणतात.

तर माझं म्हणणं असं की ओरछा म्हणजे जहांगीर महाल आणि राजमहाल एवढंच नाही. तट, वेशी, किल्ल्याकडे जाणारा कमानींचा पूल, फूलबाग, घाट, छत्र्या (म्हणजे राजांच्या समाध्या), बाजार आणि मधोमध राजा म्हणून बसलेला राम, हे सगळं मिळून एक मध्ययुगीन नदीकाठचं शहर आहे आणि ते पायी फिरता येईल एवढं लहान आहे. निदान दोन रात्री राहा. ज्यांनी पाहिलंय त्यांनी भर घाला.

शेवंती
छान धागा. आईबाबांना घेऊन जायचंय, दोघंही सत्तरीच्या पुढचे. पायऱ्या खूप आहेत असं ऐकलंय. आणि पुण्याहून कसं जायचं?

नदीकाठ
@शेवंती, पुण्याहून झेलम एक्सप्रेस झाशीला थांबते, मुंबईहून पंजाब मेल. ओरछाला स्वतःचं छोटं स्टेशन आहे पण आपल्याला झाशीच सोयीचं, बाहेर टॅक्सी-ऑटो मिळतात.

पायऱ्यांचं खरं आहे. जहांगीर महालातले आतले जिने अंधारे, अरुंद आणि उंच पायऱ्यांचे आहेत, सत्तरीतल्या माणसांनी वरच्या मजल्यांचा हट्ट धरू नये. पण खालच्या चौकात बसूनही खूप दिसतं. राजमहालात तळमजल्यावरच्या खोल्यांत चित्रं आहेतच. रामराजा मंदिर, फूलबाग, छत्र्या हे सगळं सपाटीवरचं. लक्ष्मीनारायण मंदिर टेकाडावर आहे पण तिथवर गाडी जाते. उन्हाळ्यात मात्र अजिबात नेऊ नका, तिथला उन्हाळा भाजून काढतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बेस्ट.

बखरवाचक
उत्तम विषय. मराठी माणसाचं ओरछाशी नातं आहे आणि ते सरळ नाही, म्हणून थोडं लांबवतो.

झाशीचा किल्ला आपण राणी लक्ष्मीबाईंचा म्हणून बघतो, पण तो बांधला वीरसिंहदेवाने, १६१३ मध्ये. म्हणजे झाशी ही मुळात ओरछाची ठाणेवजा जागा. १७४२ मध्ये पेशव्यांनी नारोशंकरांना तिथे सुभेदार नेमलं, त्यांनी किल्ला वाढवला, त्या भागाला आजही शंकरगढ म्हणतात, आणि किल्ल्याच्या खाली शहर वसवलं. हे नारोशंकर म्हणजे नाशिकला गोदाकाठी ज्यांचं देऊळ आहे तेच, मोठ्या घंटेचं, वसईच्या विजयाची घंटा. झाशी वाढत गेली तसं ओरछा आक्रसत गेलं आणि ओरछाच्या राजांनी पुढे राजधानी टीकमगढला नेली, त्यामागे मराठ्यांचा दबाव होता हे उघड आहे. म्हणजे आज जे ओरछा आपण "काय जपलंय" म्हणून बघतो ते तसं राहण्यात आपल्या लोकांचाही हात आहे, आणि बुंदेल्यांच्या बाजूने ती आनंदाची गोष्ट नव्हती.

१८५७ मध्ये तर ओरछाच्या फौजेने, दिवाण नत्थे खानाच्या हाताखाली, झाशीवर चाल केली होती आणि लक्ष्मीबाईंनी ती परतवून लावली. आपल्याकडच्या कथाकीर्तनात इंग्रज येतात, ओरछाची फौज फारशी येत नाही.

आणि दुसरी बाजू म्हणजे छत्रसाल. शिवाजी महाराजांना भेटायला आलेला आणि पुढे १७२९ मध्ये बाजीरावांनी ज्याला मुघल सरदार मुहम्मद खान बंगशाच्या वेढ्यातून सोडवलं तो छत्रसाल याच रुद्रप्रतापाच्या वंशातला, वेगळ्या शाखेतला. म्हणजे एकाच घराण्याची एक फांदी आपली जिवलग आणि दुसरी झाशीच्या वेशीवर तोफा घेऊन उभी. हे डोक्यात ठेवून ओरछाच्या गच्चीवर उभं राहिलं की फार वेगळं वाटतं.

रानपाखरू
माझ्यासाठी ओरछा म्हणजे गिधाडं. कोणी हसू नका, खरंच सांगते. छत्र्यांच्या शिखरांवर आणि चतुर्भुजच्या वरच्या कोनाड्यांत लांब चोचीच्या गिधाडांची घरटी आहेत. ही जात आपल्या देशातून नव्वदच्या दशकात झपाट्याने संपत गेली, गुरांना देतात ते डायक्लोफिनॅक मेलेल्या जनावराच्या मांसातून त्यांच्या पोटात जायचं आणि मूत्रपिंडं निकामी व्हायची. २००६ मध्ये जनावरांसाठीच्या त्या औषधावर बंदी आली. कड्यांवर घरटी करणारा पक्षी, त्याला इथे चारशे वर्षांपूर्वीची शिखरं कड्यासारखी वाटली.

हिवाळ्यात सकाळी छत्र्यांच्या बागेत गेलात की आधी खाली बघा, दगडावर पांढरे ओघळ दिसले की वर घरटं असणारच. ऊन तापल्याशिवाय ती उडत नाहीत, पंख अर्धवट पसरून कठड्यावर बसून असतात, दुर्बीण असली तर मानेवरची विरळ पिसंसुद्धा दिसतात. एक विनंती, ड्रोन उडवू नका आणि घरट्याच्या जवळ जायला चोरवाटेने शिखरावर चढू नका. पिल्लू एकच असतं वर्षाला.

नदीच्या पलीकडे अभयारण्य आहे, बेतवा आणि जामनी या दोन नद्यांच्या मधलं, ४५ चौरस किमीच्या आसपास. तिथेही सकाळ घालवता येते.

घाटवाट
सगळे कौतुक करताहेत म्हणून थोडं विरोधी. मला ओरछा पाहून वाईट वाटलं. घुमटावर गवत उगवलेलं, भिंतींवर बदामात बाण काढून नावं कोरलेली, किती खोल्यांत वटवाघळांचा वास. आपण "वेल प्रिझर्व्हड" कशाला म्हणतोय? युरोपात लहान गावं बघा कशी लखलखीत ठेवतात. इथे अजून जागतिक वारसा यादीत नावसुद्धा लागलेलं नाही.

चुनखडी
@घाटवाट, तुमचा राग समजतो पण लखलखीत करणं हाच कित्येकदा वारशाचा शेवट असतो हो. मी जुन्या वाड्यांच्या दुरुस्तीच्या कामात आहे म्हणून थोडं सांगतो.

ओरछाच्या इमारती दगड-विटांच्या, वरून चुन्याचा गिलावा. बऱ्याच ठिकाणी तो इतका घोटलेला आहे की हात फिरवला तर संगमरवरासारखा गार लागतो. हा चुना भट्टीतून आणून लगेच लावत नाहीत, आधी भिजवून मुरवतात, त्यात विटांची भुकटी म्हणजे सुरखी, गूळ, बेलफळाचा गर, उडदाचं पाणी असं काय काय घालून घाणीवर मळतात, मग थर देतात. त्याचा मोठा गुण म्हणजे भिंत श्वास घेते, पावसाळ्यात आत गेलेला ओलावा हळूहळू बाहेर पडतो. अशा भिंतीवर कोणी घाईघाईत सिमेंटचं ठिगळ लावलं की ओल आत कोंडते, क्षार बाजूने फुटून बाहेर येतात आणि दोन-चार पावसाळ्यांत ठिगळ राहतं पण शेजारचा मूळ गिलावा गळून पडतो. चित्रं असली तर तीही गेली. लांबून बघणाऱ्याला मात्र ठिगळ छान गुळगुळीत दिसतं.

म्हणून घुमटावरचं गवत मुळासकट नीट काढलं पाहिजे, कारण पिंपळाचं रोप रुजलं की दोन दगड फाकतात, याच्याशी मी शंभर टक्के सहमत. पण डाग पडलेली, रंग उडालेली भिंत बघून "सोडून दिलंय" असं म्हणू नका, ती मूळ आहे म्हणून तशी दिसते. जहांगीर महालाच्या बाहेरच्या भिंतींवर निळ्या-हिरव्या फरशांचे तुकडे अजून आहेत, चतकोर-अर्धे, मध्येच पट्टी तुटलेली. कोणाला वाटेल नवीन बसवाव्यात. मला ते तुकडे तसेच हवेत, कारण त्यावरून कळतं की हा महाल एके काळी उन्हात कसा चमकत असेल, नवीन फरशी बसवली की ती फक्त नवीन फरशी.

आणि नावं कोरणाऱ्यांबद्दल काय बोलणार. राजमहालातल्या छतांवर विष्णूचे अवतार, राम-कृष्णाचे प्रसंग, शिकारी, नाच रंगवलेत, गेरू, काजळी, हिरवा असे मोजके रंग. हात पोचेल तिथवर खरवडलंय आणि हात पोचत नाही तिथून वर सगळं शाबूत. छताकडे बघा, भिंतीकडे बघून हळहळण्यात वेळ घालवू नका.

नदीकाठ
@चुनखडी, हे फार मोलाचं लिहिलंत. यादीबद्दल, २०१९ मध्ये ओरछा युनेस्कोच्या संभाव्य यादीत आलंय, आणि तिथे नाव एका महालाचं नाही तर ओरछाच्या सगळ्या ऐतिहासिक समूहाचं आहे. माझा मुद्दा तोच आहे.

सांजवेळ
जहांगीर महालाबद्दल कोणीतरी नीट लिहा ना, आम्हाला गाईडने सांगितलं की बादशहा एक रात्र राहिला आणि त्यासाठी एवढा महाल बांधला, आम्ही सगळे हो हो करत बाहेर पडलो.

बखरवाचक
@सांजवेळ, ती एका रात्रीची गोष्ट प्रत्येक गाईड सांगतो, ऐकायला गोड आहे. त्यामागचं राजकारण जास्त रंगतदार आहे. सलीमचं बापाशी म्हणजे अकबराशी वाजलं होतं. अकबराचा उजवा हात अबुल फजल दख्खनेतून परत निघालेला, तो दरबारात पोचला तर आपलं काही खरं नाही म्हणून सलीमने वीरसिंहदेवाला त्याला वाटेतच गाठायला सांगितलं आणि १६०२ मध्ये ग्वाल्हेरजवळ आंतरी इथे वीरसिंहदेवाने त्याला मारलं. अकबराने वीरसिंहाच्या मागे फौजा लावल्या, तो रानावनात निसटत राहिला. १६०५ मध्ये अकबर गेला, सलीम जहांगीर झाला आणि वीरसिंहाला ओरछाची गादी मिळाली, मोठ्या भावाला बाजूला करून. तर महालाला बादशहाचं नाव आहे ते या मैत्रीपायी.

इमारत बघताना मधल्या चौकात उभं राहून चारी बाजू न्याहाळा. चारही बाजूंना हुबेहूब, वर आठ मोठे घुमट, मध्ये छोट्या छत्र्या, बाहेर लटकते सज्जे, दगडी जाळ्या. घुमट आणि कमानी मुघली पण सज्जांखालचे कोरीव हत्ती, मोर आणि तोड्यांची रांग अस्सल देशी. आणि मूळ दरवाजा पूर्वेचा बरं का, जिथे दोन दगडी हत्ती आहेत. आज आपण मागच्या बाजूने शिरतो आणि कित्येक जण पूर्वेच्या दरवाजापर्यंत जातच नाहीत. तिथून खाली उंटखाना, राय प्रवीण महाल, तट आणि पलीकडे नदी.

पुढे याच वीरसिंहाचा मुलगा जुझारसिंह शाहजहानविरुद्ध उठला आणि १६३५ मध्ये कोवळ्या वयातल्या औरंगजेबाच्या नावाखाली निघालेल्या फौजेने ओरछा घेतलं. आजोबा जहांगीरच्या दोस्तीखातर बांधलेला महाल नातू औरंगजेबाच्या वेळी मुघल निशाणाखाली.

पानसुपारी
राय प्रवीणचा उल्लेख आला म्हणून. ती ओरछाच्या दरबारातली कवयित्री, गायिका आणि नर्तकी, राजपुत्र इंद्रजितसिंहाची प्रिय. कवी केशवदास तिचे गुरू, त्यांनी 'कविप्रिया' तिच्यासाठी लिहिली, १६०१ मध्ये, त्याआधी १५९१ ची 'रसिकप्रिया'. अकबराने तिला आग्र्याला बोलावून घेतलं तेव्हा तिने दरबारात एक दोहा म्हटला अशी कथा बुंदेलखंडात पोरासोरांना ठाऊक आहे, "विनती राय प्रवीन की सुनिये शाह सुजान, जूठी पातर भखत हैं बारी बायस स्वान", म्हणजे उष्टी पत्रावळ वाढपी, कावळे नि कुत्री खातात. बादशहाने मानाने परत पाठवलं म्हणे. एवढ्या मोठ्या सत्तेसमोर दोन ओळीत स्वतःची सुटका करून घेणारी बाई, तिचा दुमजली महाल बागेत जरा बाजूला आहे आणि दोन तासवाले तिथे कधीच पोचत नाहीत.

तसंच फूलबागेतली हरदौलची जागा. जुझारसिंहाचा धाकटा भाऊ. वहिनीशी संबंध असल्याच्या संशयावरून भावाने वहिनीच्याच हातून त्याला विष द्यायला लावलं, आणि मेल्यावरही तो भाचीच्या लग्नात मामाचा आहेर घेऊन आला, अशी कथा. आजही बुंदेलखंडात लग्नाची पहिली पत्रिका हरदौलला देतात. मी तिथे बसले होते तेव्हा एक कुटुंब हळदीकुंकू लावलेली पत्रिका घेऊन आलं, ठेवली, हात जोडले आणि कॅटररच्या फोनला उत्तरं देत निघून गेलं. त्यांच्यासाठी तो घरातला मोठा माणूस आहे. हे मला महालांपेक्षा जास्त भावलं.

बागेला लागून सावन-भादों नावाचे दोन उंच मनोरे आहेत, वारा पकडून खालच्या तळघरांत सोडायचे, उन्हाळ्यात राजघराण्याला बसायला. विजेशिवायचं कूलिंग.

घाटवाट
@चुनखडी, @बखरवाचक, वाचून पुन्हा जावंसं वाटायला लागलंय. पण एक काळजी राहतेच, तिथे आता मंदिराभोवती 'रामराजा लोक' नावाचं परिसर-विकासाचं मोठं काम काढलंय. गर्दी वाढणार, चौक मोठे होणार, जुन्या गल्ल्या आणि दुकानं जाणार. तुम्ही म्हणता ते "गाव" उरेल का?

नदीकाठ
@घाटवाट, हीच माझी पण काळजी आहे आणि मी ती लपवणार नाही. भाविकांना सोय हवी, बायकांसाठी स्वच्छतागृहं हवीत, रांगेत सावली हवी, याला कोणाचा विरोध असेल असं वाटत नाही. रामनवमीला आणि विवाहपंचमीला तिथे पाय ठेवायला जागा नसते. पण ओरछाचं वैशिष्ट्य असं की महालातून निघालेली वाट बाजारातून देवळात आणि देवळातून घाटावर जाते, आणि त्या वाटेवर लोक राहतात. पितळेची भांडी विकणारा, पेढेवाला, दुपारी ओट्यावर पत्ते खेळणारे म्हातारे. त्या जागी नुसतं मोकळं फरसबंद पटांगण आलं तर देऊळ देखणं दिसेल पण भोवतीचं गाव राहणार नाही. रामाने देवळात न जाता घरात राहायचं ठरवलं असं सांगणारं हे ठिकाण, तिथे तरी घरं उठवताना शंभरदा विचार व्हावा.

शेवंती
तिकीट बुक केलं! डिसेंबर. दोन रात्री. कसं फिरायचं ते सांगा ना कोणीतरी, क्रमाने.

नदीकाठ
@शेवंती, अभिनंदन. मी असं करेन. पहिल्या दिवशी दुपारी पोचाल, आराम करा, संध्याकाळी रामराजाची आरती. आत फोटो काढू देत नाहीत, मोबाईल आधीच ठेवून द्या, आणि मंदिराच्या वेळा सीझनप्रमाणे बदलतात म्हणून हॉटेलात विचारून घ्या. दुसऱ्या दिवशी उघडताक्षणी किल्ला, तिकीट जपून ठेवा कारण तेच पुढे लक्ष्मीनारायण मंदिर आणि छत्र्यांना चालतं. आधी राजमहाल करा, चित्रांवर सकाळचा उजेड चांगला येतो, मग जहांगीर महाल. आईबाबांना चौकात बसवून तुम्ही वर जाऊन या. दुपारी जेवून झोप. चारनंतर लक्ष्मीनारायण, ते चुकवू नका, १६२२ चं वीरसिंहदेवाच्या काळातलं, पुढे १७९३ मध्ये दुरुस्त केलेलं, आत रामायण-कृष्णकथांबरोबर बंदुका घेतलेले गोरे शिपाई आणि झाशीच्या लढाईचं चित्र आहे, बखरवाचकांनी लिहिलेलं सगळं तिथे भिंतीवर. तिसऱ्या दिवशी सकाळी छत्र्या आणि घाट, रानपाखरूंची गिधाडं बघून निघा.

रानपाखरू
छत्र्या बागेतून बघून झाल्या की नदीवरच्या अरुंद पुलावरून पलीकडे नक्की जा. सगळ्या शिखरांची रांग एका नजरेत तिथूनच दिसते, वीरसिंहदेवाची छत्री तेवढी अगदी पाण्याला लागून, तिच्यावर शिखर चढवलेलंच नाही म्हणून लगेच ओळखू येते. पूल पावसाळ्यात पुराच्या पाण्याखाली जातो, डिसेंबरात काही प्रश्न नाही, पण वाहनं त्याच पुलावरून येतात आणि कठडा भरवशाचा नाही, आईबाबांना हाताला धरून न्या.

शेवंती
@नदीकाठ, @रानपाखरू, सगळं लिहून घेतलं. बाबा निवृत्त इतिहास शिक्षक आहेत, त्यांना नारोशंकरांचं वाचून दाखवलं तर लगेच म्हणाले, मग झाशीच्या किल्ल्यात शंकरगढचा भाग आधी दाखव, ओरछा त्यानंतर. म्हणजे झाशीलाही एक दिवस वाढवावा लागणार.

बखरवाचक
@शेवंती, वाढवाच. आणि बाबांना विचारून इथे लिहा की शंकरगढची बांधणी आणि वीरसिंहदेवाचा मूळ किल्ला यांत त्यांना फरक कसा दिसला. मला त्यावर बोलायला आवडेल.